शरीराची चिंता आणि तिला तोंड देण्याच्या पद्धती: महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुलंमुली भर वर्गात विचारत नाहीत. तास संपल्यावर, दार अर्धं लोटून, "मॅडम, दोन मिनिटं आहेत का?" म्हणून विचारतात. मी मानसशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांचं समुपदेशनही करते. त्यांना जी उत्तरं देते, तीच इथे लिहिली आहेत. प्रश्न कुणा एकाचे नाहीत, अनेकांचे मिळून आहेत. आपल्याला लागू असेल तेवढंच वाचलं तरी चालेल. टाळण्याबद्दलचं उत्तर मात्र सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं.

मी कशी दिसते, कसा दिसतो, हा विचार डोक्यातून जातच नाही. मला काही आजार आहे का?

बहुधा नाही. आपल्या शरीरावर थोडंफार नाराज असणं इतकं सर्रास आहे, की अमेरिकेतल्या स्त्रियांबद्दल लिहिताना ज्युडिथ रोडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ सालीच या नाराजीला 'सर्वसामान्य' ठरवलं होतं. विद्यापीठाच्या वयात ती वाढायला कारणंही भरपूर असतात. घर सुटलेलं असतं. नव्या शहरात नव्या नजरा असतात. रूममेटसमोर कपडे बदलावे लागतात. पहिलं प्रेम आणि पहिला नकार याच काळात येतो. काही घरांत तर दुसऱ्या वर्षापासूनच स्थळांसाठी फोटो काढून ठेवलेले असतात.

कुणी अशी काळजी घेऊन आलं, की ती काळजी त्याच्याकडून काय काय करून घेते ते मी आधी विचारते. तिच्यापायी तास बुडतात का? दिवसातला तासाभराहून जास्त वेळ आरशात किंवा त्याच विचारात जातो का? जेवण सुटलंय का? मित्रमैत्रिणींना भेटणं कमी झालंय का? यातल्या एकालाही 'हो' उत्तर असेल, तर कुणाशी तरी बोलायची वेळ झाली आहे.

'तोंड देण्याच्या पद्धती' म्हणजे नक्की काय?

ताण आला की माणूस गप्प बसत नाही, काहीतरी करतो. रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ साली या करण्याचे दोन मोठे प्रकार मांडले. एकात आपण अडचणच सोडवायला जातो. दुसऱ्यात अडचणीमुळे उसळलेल्या भावना सांभाळतो. परीक्षेचा ताण असेल तर ही विभागणी पुरते. शरीराच्या बाबतीत पंचाईत होते, कारण अडचण नक्की कुठे आहे तेच कळत नाही. उंची बदलता येत नाही. रंग बदलायचं तर कारणच नाही. आणि वजन कमी केल्यावरही नाराजी तशीच राहिलेली मी कितीतरी जणांमध्ये पाहिली आहे.

म्हणून व्हर्जिनियातल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठातले थॉमस कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास शरीरप्रतिमेसाठी वेगळी प्रश्नावली तयार केली. २००५ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात २९ विधानं आहेत आणि ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच तपासली गेली. उत्तरांमधून तीन पद्धती समोर आल्या: टाळणं, दिसणं सतत दुरुस्त करत राहणं, आणि समजून-उमजून स्वीकारणं. पहिल्या दोन पद्धती जास्त वापरणाऱ्यांना शरीराबद्दलचा त्रासही जास्त होता. तिसरीचं तसं नव्हतं.

उदाहरण घेऊ. ट्रॅडिशनल डेचे फोटो ग्रुपवर आले आणि कुणीतरी लिहिलं, "साडीत किती जाड दिसतेयस गं!" एक मुलगी ग्रुप म्यूट करते आणि पुढच्या वर्षी ट्रॅडिशनल डेला गावी निघून जाते. दुसरी त्याच रात्री डाएट चार्ट शोधते आणि दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये फक्त काकडी खाते. तिसरीलाही वाईट वाटतं. ती थोडा वेळ ते वाटू देते, मग स्वतःला सांगते की ही एका मुलीची एका फोटोवरची कमेंट आहे, तो दिवस छान गेला होता, आणि हवं तर तिला सांगता येईल की मला हे आवडलं नाही. तिघींना लागलेला शब्द एकच होता. पुढचं वर्ष मात्र तिघींचं अगदी वेगळं जाणार आहे.

माणूस एकाच पद्धतीचा नसतो, हेही लक्षात ठेवा. आपण सगळेच तिन्ही वापरतो. कुठली सवयीची झाली आहे, ते ओळखायचं.

टाळल्याने शांत वाटतं. मग त्यात वाईट काय?

शांत वाटतं, तिथेच खरी अडचण आहे.

टाळणं किती रूपांत येतं ते आधी पाहू. शेवटच्या बाकावर बसणं. उन्हाळ्यातही जॅकेट न काढणं. ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद ठेवणं. ग्रुप फोटोत आपणहून "मी काढते ना फोटो" म्हणणं. सहलीला सगळे धबधब्यात उतरले की काठावर चपला सांभाळत बसणं. सेमिनार देण्याऐवजी ते गुण सोडून देणं. दातांची लाज वाटते म्हणून तोंडावर हात ठेवून हसणं, आणि मग हसणंच कमी करणं. बाहेरून यातली प्रत्येक गोष्ट साधी दिसते. "तिला गर्दी आवडत नाही," "तो अबोल आहे," असं म्हणून लोक सोडून देतात. हुशार मुलं याच वाटेने मागे पडताना मी पाहिली आहेत, म्हणून हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

आतून काय होतं? सेमिनारच्या आदल्या रात्री छातीत धडधडतं. सकाळी "बरं नाही" असा मेसेज टाकला की धडधड थांबते. मेंदू हे जोडून ठेवतो: टाळलं, सुटलो. पुढच्या वेळी धडधड आधीच सुरू होते आणि सुटकेची ओढ वाढते. शिवाय "मी पुढे उभी राहिले असते तर लोक हसले असते" ही समजूत खरी की खोटी, हे तपासायची संधीच मिळत नाही. समजूत पक्की होत जाते आणि जागा कमी होत जाते: आधी स्टेज सुटतं, मग कॅन्टीन, मग मित्र.

उपाय उलट्या दिशेने जातो आणि लहान पावलांनी जातो. जे टाळता त्याची यादी करा, सर्वांत सोपं वर, सर्वांत अवघड खाली. जॅकेट न घालता लायब्ररीत अर्धा तास बसणं वर असेल, सेमिनार तळाशी. वरचं करा, आणि धडधड आपोआप उतरेपर्यंत तिथेच थांबा, मध्येच पळू नका. ती उतरते, थोडा वेळ लागतो. तीच गोष्ट पुन्हा करा, पुरेशी सोपी वाटली की खालच्या गोष्टीकडे जा. चिंतेवरच्या वर्तनोपचारात हेच तंत्र वापरतात. एकट्याने जड जात असेल तर समुपदेशक यात सोबत करतात.

मग स्वतःत काही सुधारणा करायचीच नाही का? मेकअप, जिम, सगळं बंद?

बंद कशाला करायचं? केस नीट कापले, आवडीचा कुर्ता घातला, पळायला गेलात, यात गैर काहीच नाही. नटण्यात आनंद आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ नये.

मी एकच कसोटी सांगते: ती गोष्ट एखाद्या दिवशी करता आली नाही तर काय होतं? काजळ लावायचं राहिलं आणि "अरे, राहिलंच" म्हणून तुम्ही तासाला गेलात, तर ते नटणं आहे. काजळाशिवाय खोलीबाहेर पडताच आलं नाही, तर ती भीती आहे. जिम चुकला म्हणून हळहळ वाटणं ठीक. जिम चुकला म्हणून दिवसभर जेवायचं नाही, ही शिक्षा झाली. दुरुस्तीच्या पद्धतीला शेवट नसतो. मुरुमं गेली की डाग दिसतात, डाग गेले की रोमछिद्रं दिसायला लागतात. समाधानाची रेषा पुढे पुढे सरकत राहते, आणि पैसेही जातात, जे बऱ्याचदा घरून मेससाठी आलेले असतात.

'स्वीकारा' म्हणजे हार मानायची का?

नाही. स्वीकारायचं म्हणजे "मी सुंदर आहे" असं आरशासमोर घोकायचंही नाही. जे मनाला पटत नाही ते घोकून उलट चीड येते. शरीर आवडलंच पाहिजे अशी सक्ती मी कुणावर करत नाही. न आवडणाऱ्या शरीरालाही वेळेवर जेवण, झोप आणि सभ्य वागणूक देता येते, आणि सुरुवात तिथूनच होते.

करून बघण्यासारख्या काही गोष्टी सांगते. पहिली भाषेची. आरशात बघून मनात "मांड्या घाणेरड्या आहेत" असं येतं, तेव्हा ते "माझ्या मांड्या रुंद आहेत आणि मला आत्ता वाईट वाटतंय" असं बदला. वर्णन वर्णनाच्या जागी, भावना भावनेच्या जागी. दुसरी गोष्ट क्रिस्टिन नेफ या संशोधिकेच्या कामातून येते. स्वतःवरची करुणा मोजायची पद्धत त्यांनी २००३ साली मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मैत्रिणीला ज्या सुरात समजावाल त्याच सुरात स्वतःशी बोला. वाचायला सोपं आहे, करायला फार अवघड. सुरुवातीला खोटं वाटतं, तरी करत राहावं.

तिसरी गोष्ट माझ्या विशेष आवडीची. नेदरलँड्समधल्या जेसिका अलेवा आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एक लेखनाचा उपक्रम तपासला. सहभागी स्त्रियांनी तीन बैठकांत आपलं शरीर काय काय करू शकतं आणि ते आपल्याला का महत्त्वाचं आहे, एवढंच लिहिलं. दिसण्याबद्दल एक अक्षर नाही. लिहिणाऱ्यांचं शरीराबद्दलचं समाधान वाढलं. आपल्याकडच्या मुलामुलींना हे लिहायला दिलं की वह्या भरतात. याच हातांनी आईबरोबर कांदा काढला, याच पायांनी वारीत चार मुक्काम चालले, याच गळ्याने गॅदरिंगला पोवाडा म्हटला. एका मुलाने लिहिलं की वडिलांना दवाखान्यात उचलून नेलं तेव्हा त्याला आपले खांदे पहिल्यांदा आवडले.

माझा रंग सावळा आहे. लहानपणापासून ऐकतेय. यात मी काय 'तोंड देऊ'?

तुमचा प्रश्न रास्त आहे. चूक समोरच्याची असताना बदलायचं काम तुमच्याच गळ्यात का? ही समजूत बाहेरून आली आहे, ती कोणी आणि कशी विकली तेही माहीत असू द्या. 'फेअर अँड लव्हली' १९७५ पासून विकलं गेलं, त्यातला 'फेअर' शब्द जायला २०२० साल उजाडावं लागलं. सावळी व्यक्ती म्हणजे दुःखी, अपयशी, लग्न न जमणारी, असं जाहिरातीत दाखवू नये, हा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली केला. याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकाही आपल्याच देशातल्या आहेत. चेन्नईच्या 'वुमेन ऑफ वर्थ' संस्थेने २००९ साली 'डार्क इज ब्युटिफुल' ही मोहीम सुरू केली आणि पुढे नंदिता दास यांनी तिला आवाज दिला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे रंगाबद्दलचं बोलणं बऱ्याचदा जातीबद्दलचं असतं. "दिसत नाहीस हं तू तिकडची" हे कौतुक म्हणून ऐकवलं जातं आणि ऐकणाऱ्याला आतपर्यंत कापत जातं. अशा वेळी स्वतःचे विचार बदलत बसू नका. झालेला अपमान अपमान म्हणून ओळखा, सोबतीचं माणूस शोधा, आणि शक्य असेल तिथे उलट बोला.

मेडिकलवाल्याने दिलेल्या क्रीमने चेहरा उजळला, पण बंद केलं की लाल होतो, आग होते. काय करू?

त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि क्रीमची ट्यूब सोबत न्या. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. काही आठवडे चेहरा उजळ वाटतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमं आणि केस वाढतात, आणि क्रीम सोडलं की भडका उडतो. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती काउंटरवर मिळतात आणि हॉस्टेलमध्ये एकीची ट्यूब चौघी वापरतात. मैत्रिणीला फरक पडला म्हणून लावू नका.

मुलांना असलं काही होत नसेल ना?

होतं, फक्त ते सांगत नाहीत. उंची, बारीक दंड, वीस-बाविसाव्या वर्षी मागे सरकणारे केस, न येणारी दाढी, छातीवरची चरबी. "काडी", "टकल्या", "ढोल्या" ही नावं मित्रच पाडतात आणि मुलगा सगळ्यांबरोबर हसतो. त्या हसण्यावर जाऊ नका.

पुण्यात आणि जिल्ह्याच्या गावांत भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचा ताण वेगळा आहे. त्यांच्या शरीराला खरोखरच टेप लावली जाते. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६५ सेंटिमीटर उंची लागते, छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून आणखी ५. महिलांना उंची १५५ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरने मैदानावरून परत आलेला मुलगा "मी माणूस म्हणूनच कमी पडलो" असं मनात धरतो. त्याला "मन मोठं कर" सांगून भागत नाही. नोकरी हुकली याचं दुःख खरं आहे, ते करू द्यावं, आणि मग ज्या पदांना उंचीची अट नाही त्यांची माहिती घेऊन त्याच्या शेजारी बसावं. इथे अडचण सोडवणं हीच योग्य पद्धत आहे.

व्यायामाचंही टोक गाठलं जातं. दंड फुगलेले असूनही आपण बारीकच आहोत असं ठामपणे वाटत राहणं, या त्रासाला हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली 'मसल डिस्मॉर्फिया' असं नाव दिलं. यातली मुलं परीक्षा सोडतील, पण व्यायामाचा एक सेट सोडणार नाहीत. जिममध्ये कुणी इंजेक्शन किंवा गोळ्या देऊ करत असेल तर नाही म्हणा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषण आकसतात, शुक्राणू घटतात, पुरुषाच्या छातीत गाठी वाढतात, यकृत आणि हृदयावर परिणाम होतो. आधीच घेत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना खरं सांगा. अचानक बंद केल्यावर गंभीर नैराश्य येऊ शकतं, म्हणून देखरेखीखाली थांबवायचं.

इन्स्टाग्राम काढून टाकलं तर बरं वाटेल का?

काहींना वाटतं. माणूस स्वतःला इतरांशी ताडून मोजतो, हे लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ सालीच मांडलं होतं. तेव्हा ताडायला वर्ग आणि गल्ली होती, आता निवडून, उजळून, फिल्टर लावून आलेले हजारो चेहरे आहेत. किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीची शरीराबद्दलची नाराजी इन्स्टाग्राममुळे वाढते, असं कंपनीच्याच अंतर्गत पाहणीत निघाल्याचं २०२१ साली उघड झालं. त्याआधीचं फिजीचं उदाहरण मला अधिक बोलकं वाटतं. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. भरदार बांधा चांगला मानणारा तो समाज. अ‍ॅन बेकर यांच्या अभ्यासात १९९५ साली वजनासाठी उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी नव्हती. १९९८ साली हे प्रमाण शंभरात अकराच्या वर गेलं होतं.

अ‍ॅप काढायचं नसेल तर निदान खाती चाळा. जे खातं पाहून झाल्यावर स्वतःचा तिटकारा येतो ते अनफॉलो करा. फोटो टाकून लाइक मोजत बसणं आणि जुन्या फोटोंशी स्वतःला ताडणं, या दोन सवयी आधी तोडा.

माझा बीएमआय 'नॉर्मल' नाही. मग काळजी बरोबरच आहे ना?

बीएमआय म्हणजे वजन आणि उंचीचा आकडा. चरबी किती, स्नायू किती, हे त्याला कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापून हे दाखवलं. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीयांना कमी वजनातही मधुमेहाचा धोका असतो म्हणून आपल्याकडे जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात.

म्हणजे सडपातळ दिसणारे निर्धास्त नाहीत, आणि जाड दिसणाऱ्याच्या तब्येतीचा निकाल नुसता बघून लावता येत नाही. रक्तातली साखर, रक्तदाब, कमरेचा घेर तपासून घ्या. त्यात काही निघालं तर त्यावर इलाज करा. तब्येतीची काळजी घ्यायला शरीराचा द्वेष करावा लागत नाही. द्वेषातून सुरू केलेलं डाएट फार दिवस टिकलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित त्रास) आहे. हनुवटीवर केस येतात, पाळी चुकते, आणि डॉक्टर फक्त "वजन कमी करा" म्हणतात.

यात तुमचा आळस नाही, संप्रेरकांचा असमतोल आहे. बारीक मुलींनाही पीसीओएस होतं. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्क्यांनी उतरल्यावरही पाळी सुधारू शकते, हे खरं. पण केस आणि मुरुमांवर वेगळी औषधं आहेत, ती विचारून मागा. ऐकून घेणारे डॉक्टर मिळेपर्यंत दुसरं मत घ्या. थ्रेडिंग किंवा लेझर करायचं की नाही, हा सर्वस्वी तुमचा निर्णय.

घरचेच बोलतात. दिवाळीला घरी जायची भीती वाटते.

"हॉस्टेल मानवलेलं दिसतंय हं," किंवा "काय गं ही हाडं, खायला देत नाहीत का तिथे?" बहुतेक घरांत तब्येतीवरून बोलणं ही विचारपूसच समजतात, त्यामुळे मावशीला किंवा काकूला आपण काही लागेलसं बोललो हे कळतही नाही. म्हणून भांडणापेक्षा आधी सांगून ठेवणं बरं. निघायच्या आधी आईला फोनवर सांगा: "आई, माझ्या वजनाचा विषय काढला की मला जेवण जात नाही. या वेळी तू कुणाला काढू देऊ नकोस." आईला जबाबदारी दिली की ती बहुधा ती घेते. इतरांसाठी एक वाक्य तयार ठेवा: "काकू, तब्येत बरी आहे, अभ्यासाचं विचारा ना." तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणायचं, खुलासे देत बसायचं नाही.

काही घरांत हे बोलणं खरंच क्रूर असतं, ताटातली पोळी उचलण्यापर्यंत जातं. तिथे समजुतीचं वाक्य चालत नाही. अशा घरी कमी दिवस जा, आणि गेलात तर रोज एका मैत्रिणीला फोन करा.

हॉस्टेलमध्ये दिसण्यावरून चिडवतात. तक्रार केली तर "मस्करी होती" म्हणतात.

महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत २०१६ साली भर पडली. रंग, जात, लिंग, लैंगिक कल यांच्याबरोबर 'दिसणं' हेही कारण त्यात स्पष्ट लिहिलं आहे. या कारणांवरून विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक त्रास देणं, त्यात वाळीत टाकणंही आलं, हे रॅगिंगच आहे. तारीख, शब्द, साक्षीदार लिहून ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे.

माझी रूममेट सारखे उपास करते, मेसचा डबा परत पाठवते. विचारलं की "व्रत आहे" म्हणते.

श्रद्धेने उपास करणाऱ्या मुली मला ठाऊक आहेत, त्या उपास सोडतानाही तितक्याच मनापासून जेवतात. काळजीचं लक्षण तेव्हा, जेव्हा संकष्टी, सोमवार, गुरुवार, नवरात्र असं करत उपास वाढत जातात पण सोडले जात नाहीत. त्यासोबत चक्कर येणं, सतत थंडी वाजणं, केस गळणं, पाळी बंद होणं, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं यांपैकी काही असेल तर खाण्याचा विकार असू शकतो. वारंवार उलट्या काढल्याने शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून "मनाचं आहे, होईल बरं" म्हणत थांबू नका.

तिच्याशी बोलताना वजनाचा, ताटाचा उल्लेख करू नका. "तू हल्ली फार दमलेली दिसतेस, मला काळजी वाटते, आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ," एवढं म्हणा. ती चिडेल. पुन्हा दोन दिवसांनी म्हणा. बेशुद्ध पडली किंवा छातीत धडधडतंय म्हणाली, तर तिची परवानगी मागत बसू नका, रेक्टरना उठवा.

मैत्रीण सारखी "मी किती जाड आहे ना?" विचारते. मी काय म्हणू?

"छे, मी तर तुझ्याहून जाड आहे" असं म्हणू नका. मुलींच्या अशा संवादांवर मिमी निक्टर आणि नॅन्सी वुकोविक यांनी १९९४ साली लिहिलं. असं बोलणं प्रेमापोटीच होतं, पण त्याने दोघींचीही नाराजी वाढते. "आज असं का वाटतंय? काही झालं का?" असं विचारा. बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी झालेलं असतं.

नाक वाकडं आहे असं मला दिसतं, बाकी कुणालाच दिसत नाही. ऑपरेशन करू का?

आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नगण्य किंवा इतरांना न दिसणाऱ्या दोषात तासन्‌तास अडकून राहणं, सतत आरसा बघणं किंवा आरसाच टाळणं, हा बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो. साधारण पन्नास माणसांत एकाला तो असतो. ऑपरेशनने तो सहसा जात नाही, लक्ष दुसऱ्या अवयवाकडे वळतं. विचार आणि वर्तनावरचे उपचार आणि काही औषधं यांचा त्यात चांगला उपयोग होतो.

समुपदेशकाकडे गेलो तर घरी किंवा विभागात कळेल का?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद होतो, आणि वय अठराच्या आत असेल तर पालकांना सहभागी करून घेतात. कॉलेजच्या समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा: "माझ्याबद्दल कुणाला सांगाल? नोंद कुठे ठेवता?" हा प्रश्न उद्धट नाही.

कॉलेजमध्ये समुपदेशकच नसेल तर प्राचार्यांकडे लेखी मागणी करा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. तोवर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर हे पान इथेच सोडा, तो नंबर लावा आणि खोलीत एकटे राहू नका.

पहिल्या भेटीत काय बोलायचं? मला सुरुवातच जमत नाही.

"मला माझ्या शरीराबद्दल बोलायचंय, आणि कुठून सुरू करू ते कळत नाही." हे वाक्य पुरतं. बोलवत नसेल तर कागदावर लिहून न्या आणि समोर ठेवा, पुष्कळ जण तसं करतात. रडू आलं तर येऊ द्या. समोरचा माणूस तुम्ही काय खाता, काय टाळता, झोप कशी आहे, हे विचारेल. त्याची खरी उत्तरं द्या, स्टिरॉइड, उलट्या, गोळ्या यांच्यासकट. समुपदेशकाने पहिल्या भेटीतच "थोडं वजन कमी केलंस की आत्मविश्वास येईल" असं सांगितलं, तर तिथे पुन्हा जायची गरज नाही. दुसरा समुपदेशक शोधा, किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा.